रानातली हजेरी

"बिरू सिदू."

नागम्माबाईंनी यादीतलं पहिलं नाव वाचलं आणि मान वर केली. समोर सारवलेलं अंगण, भर दुपारचं ऊन, आणि भिंतीच्या सावलीत ओळीनं बसलेल्या वाडीतल्या बाया. कोणी उठलं नाही.

"बिरू सिदू कुठं आहे?"

"रानात हाय," अयोध्या म्हणाली. ती ओळीत अगदी शेवटी बसली होती, पदर पोटावरून नीट ओढून घेतलेला.

"यल्लू सिदू?"

"त्येबी रानातच हाय."

"सखू मायाप्पा?"

"रानात," दुसरी एक बाई म्हणाली आणि हसली. "धाची झाली आता. एका जागी कुठं बसती?"

मी बाईंच्या शेजारी घोंगडीवर बसलो होतो. यादी माझ्याच हातची. नाव, बापाचं नाव, वय, असे तीन रकाने मी आखले होते आणि अक्षर वळणदार आल्याचा मला थोडा अभिमानही होता. बाई एकेक नाव वाचत गेल्या. रानात. रानात. रानात हाय. एकतीस नावांपैकी चार नावांना चार मुलं उठली आणि लाजून भिंतीला चिकटली. उरलेली सत्तावीस रानात.

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"मास्तर, ही मुलं तुम्ही पाहिलीत?"

"पाहिली नाहीत. शेळ्यांमागं असतात. तिन्हीसांजेला येतील."

"सत्तावीस मुलं," त्या फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "आणि दोरीवर एक झबलं नाही. सकाळपासून चौदाही घरं हिंडले मी. एकाही आढ्याला पाळणा नाही."

मी दोरीकडं पाहिलं. लुगडी होती, धोतरं होती, एक घोंगडी होती. मी मुलांना रोज सांगत असे, आधी नीट बघा, मग लिहा. आणि मी स्वतः बघितलंच नव्हतं.

हे एकोणीसशे पंचेचाळीस सालचं. आमच्याकडं तेव्हा निजामाचं राज्य होतं. माझं नाव गोरोबा. माकणीला महादेवाच्या देवळाच्या ओवरीत मी दहा-बारा मुलांना बाराखडी आणि पाढे शिकवत असे. तेरणेच्या पल्याड, दोन कोसांवर, ही धनगरांची वाडी. तिथं एक शाळा असावी असं माझ्या मनानं घेतलं होतं. अर्जाला मुलांची यादी जोडायची होती, म्हणून एका दुपारी मी वाडीत गेलो, दारोदार उभा राहिलो आणि विचारलं, "लेकरं किती? नावं काय?" बायांनी आतूनच नावं सांगितली, वयं सांगितली. "कुठं आहेत?" म्हटलं तर म्हणाल्या, "रानात." धनगरांची मुलं रानात नसतील तर कुठं असतील? मी खुशीत घरी आलो. एकतीस मुलं! शाळा झालीच समजा.

नागम्माबाई लोहाऱ्याच्या. लिंगायत भुसार व्यापाऱ्याच्या घरातल्या. तेराव्या वर्षी लग्न होऊन सासरी गेल्या आणि सोळाव्या वर्षी परत आल्या. का आल्या, ते घरातलं कोणी बोलत नसे. भावानं त्यांना हैदराबादला ठेवलं. तिथं त्या आधी दाई झाल्या, मग अभ्यास करून डॉक्टर झाल्या. पण रोगी तपासण्यात त्यांचा जीव रमला नाही. एका जनाना दवाखान्याच्या मागच्या खोलीत खुर्दबिनीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाला, डोळा लावून त्या वर्षानुवर्षं बसल्या. बायकांची कूस का भरत नाही आणि भरलेली का टिकत नाही, एवढाच त्यांचा प्रश्न. त्यांना कोणी मोठं म्हणत नसे. दवाखान्यात त्या 'मागच्या खोलीतल्या बाई' होत्या आणि आमच्या भागात 'रगतवाली बाई', कारण जिथं जातील तिथं काचेच्या नळीत रक्त मागत.

माहेरी आल्या असता त्यांनी ऐकलं की तेरणेकाठच्या एका वाडीत कूस टिकत नाही. चौकशी करत माझ्याकडं आल्या. मी अभिमानानं यादी पुढं केली. "कोण म्हणतं? एकतीस मुलं आहेत."

"चला, मोजू," त्या म्हणाल्या होत्या.

आम्ही तिन्हीसांजेपर्यंत थांबलो. दिवस कलला तशी पुरुष मंडळी शेळ्या घेऊन परतू लागली. वाडीच्या पूर्वेला एक पडीक तुकडा होता, बोरी-बाभळींचा, कधी नांगर न लागलेला. बाया घरांतून निघून त्या तुकड्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. पुढं म्हाळसाबाई. वाडीत सगळ्यांत वयानं मोठी, सिदूची आई, अयोध्येची सासू. वाडीतल्या प्रत्येक बाळंतपणाला हात तिचाच. शेळ्यांच्या वाड्याची काटेरी झाप तिनं एका हातानं उघडी धरली आणि दुसरा हात तोंडाशी नेला.

"बिरूऽऽ! यल्लूऽऽ! चला रं घरी!"

मग दुसरीनं हाक दिली, "सखूऽऽ!" मग तिसरीनं. माझ्या यादीतली नावं, माझ्या यादीतल्याच क्रमानं. घाईनं नाही, रडून नाही. जेवायला बोलवावं तशी. प्रत्येक हाकेनंतर त्या थोडं थांबत. बाभळींमधून मागं रेंगाळलेली करडं ओरडत येत. तुम्ही करडाचं ओरडणं ऐकलं असेल, तर ते किती माणसासारखं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. एक हाक, एक उत्तर. सत्तावीस हाका झाल्या. करडं वाड्यात गेली. पाठीमागं रानातून कोणी आलं नाही.

म्हाळसाबाईनं जरा वेळ वाट पाहिली आणि झाप लावली.

"अव्वा," बाईंनी तिला विचारलं, "त्या रानात काय आहे?"

"लेकरं हाईत," म्हातारी म्हणाली. "काय म्हैन्याची हाईत, काय पुऱ्या दिसाची. जाळत न्हाईत तसल्याला, पुरत्यात. नाव ठिवून पुरतो आमी. बिननावाचं ऱ्हायलं तर वाट चुकतंय."

"आणि वय?"

"वाढतंयच की वय. थांबतंय व्हय?" तिनं बाईंकडं नीट पाहिलं. "तुमची किती?"

"मला नाहीत."

"न्हाय म्हणू नये, बाई," म्हातारी हळूच म्हणाली. "न्हाय म्हटलं की ते ऐकतंय."

परत येताना गाडीत बाईंनी माझी यादी मांडीवर उघडली, पेन्सिल काढली आणि वर मी लिहिलेला 'शाळायोग्य मुले' हा मथळा एका रेघेनं खोडला.

"यादी बरोबर आहे, मास्तर. मथळा चुकलाय."

त्यांचा पहिला संशय पुरुषांवर होता. काही आजार पुरुष बाहेरून आणतात आणि भोगतात बायका. चार दिवसांनी त्या नळ्या घेऊन वाडीत आल्या आणि पुरुषांना म्हणाल्या, आधी तुमचं रक्त. केवढा गोंधळ!

"बाईच्या पोटाचं दुखणं आन् सुई आमाला?" सिदू म्हणाला.

"पेरतं कोण?" बाई म्हणाल्या. "बी न बघता नुसत्या जमिनीला शिव्या घालतोस काय?"

बाया पदर तोंडावर घेऊन हसल्या. सिदूनं दंड पुढं केला आणि डोळे गच्च मिटले. एवढा दांडगा गडी, रक्त बघून मटकन खाली बसला. म्हाळसाबाईनं त्याच्या तोंडावर पाणी मारलं. "शेळी सोलताना न्हाय व्हय चक्कर येत तुला?"

नळ्या हैदराबादला गेल्या. पंधरा दिवसांनी बाई परत आल्या. कोणाच्याच रक्तात काही सापडलं नव्हतं. सिदू मिशीवर हात फिरवत वाडीभर हिंडला. बाई मात्र आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. अयोध्येला पाचवा महिना लागला होता. तिची आधीची दोन्ही लेकरं सहाव्यात गेली होती.

"माझ्याकडं महिनाभर आहे, मास्तर," त्या म्हणाल्या. "फार तर सहा आठवडे. आणि काय शोधायचं तेच मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही वाडीत शिरतो तोच सिदू समोरून आला. फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी त्यानं छातीशी धरलं होतं. बाई थबकल्या. फडक्यातून चार बारीक खूर दिसत होते.

"शेळीनं गाभ टाकला," सिदू म्हणाला.

"कुठं नेतोस?"

त्यानं हनुवटीनं पूर्वेकडं दाखवलं. "रानात."

बाई तिथंच उभ्या राहिल्या. त्यांचं ते उभं राहणं मला अजून दिसतं. मग त्या माझ्याकडं वळल्या.

"मास्तर, दुसरी यादी करायची. प्रत्येक घराच्या शेळ्या. कोणत्या साली कोणत्या शेळीनं गाभ टाकला. आणि तिच्या शेजारी बायांची."

लिहिता न येणाऱ्या माणसांना सगळं आठवतं, हे मी तेव्हा शिकलो. वाडीला कोणत्या वर्षी कोणती शेळी, काळी की कबरी, पहिल्या वेताची की तिसऱ्या, सगळं पाठ होतं. मी दोन रकाने आखले. डावीकडं शेळ्या, उजवीकडं बाया. एका घरात डावीकडं काही नसलं की उजवीकडंही काही नसे. डावीकडं नाव पडलं की दोन-तीन महिन्यांत उजवीकडं पडायचं. एका आईनं दुसरीच्या मागं चालत जावं, तसे ते दोन रकाने चालले होते.

"काय लिवायलाव मास्तर एवढं?" म्हाळसाबाईनं डोकावून विचारलं.

उत्तर बाईंनी दिलं. "अव्वा, गाभ टाकलेल्या शेळीच्या दुधाचं काय करता?"

"ते कुणी पीत न्हाय बाई. ते पोटुशीचं." म्हातारीचा चेहरा मऊ झाला. "शेळीचं लेकरू गेलं, पर माया तर थानात ऱ्हातीच की. ती वाया कशी घालवायची? जिचं आदी गेलंय तिला पाजायची. म्हंजी शेळीची माया तिच्या पोटाला जाती, आन् लेकरू धरून ठिवती. पाच ऐतवार पाजायचं. धारंचं, कोमट. तापवलं की माया जळती, सटवी रुसती."

"आणि हे पाजतं कोण?"

"म्याच. दुसरं कोण?" म्हाळसाबाई म्हणाली. "म्हाताऱ्या बाईच्या हातानंच लागतंय ते."

बाईंनी त्या दिवशी दुधाबद्दल एकच विचारलं, अयोध्येला पाजायला सुरुवात झाली का. नव्हती झाली. या शेळीचं दूध नीट उतरलं की ऐतवारी सुरू करायचं होतं. बाईंनी सांगून बघितलं, थोडं थांबा. म्हाताऱ्या मान हलवून हसल्या. डॉक्टरणीला लेकरूबाळ नाही, तिला काय कळतंय, असं एक जण पाठीमागं म्हणालीही. बाईंना ते ऐकू गेलं असावं.

शेळ्यांचा एक ताप असतो, तो दुधातून माणसात येतो, असं बाईंनी पुस्तकात वाचलं होतं. पण पुस्तक दाखवून म्हाळसाबाईचा हात थांबणार नव्हता. त्या तापाची तपासणी करायच्या पाण्याची कुपी उत्तरेतल्या जनावरांच्या दवाखान्यातून मागवावी लागली. नशीब, बाईंनी तार करायला हैदराबादेत एकाला सांगितलं आणि कुपी लोहाऱ्याला शनिवारी पोचली. ऐतवारी सकाळी आम्ही वाडीत होतो. शेळी धुऊन, तिच्या कपाळाला भंडारा लावून अंगणात बांधली होती. अयोध्या न्हाऊन पाटावर बसलेली. म्हाळसाबाईच्या हातात कासांडी.

"अव्वा, धार काढा," बाई म्हणाल्या. "पण पाजायच्या आधी मला थोडा वेळ द्या. एक खेळ दाखवते. मास्तरांच्या पोरांना दाखवावा तसा."

बाईंनी दुसऱ्या पाटावर काचा मांडल्या; काही बायांचं आणि शेळ्यांचं रक्त त्यांनी यादीच्या दिवशीच नळ्यांत घेऊन ठेवलं होतं. ते काय होतं, ते साधंच सांगतो. रक्त थोडा वेळ ठेवलं की त्याचं पाणी वर येतं. त्या पाण्याचा एक थेंब काचेवर घ्यायचा. कुपीतल्या दुधट पाण्याचा एक थेंब त्यात मिसळायचा आणि काच हळूहळू कलती करायची. माणूस निरोगी असेल तर थेंब दुधासारखाच राहतो. त्या शेळ्यांच्या तापानं त्याला कधी गाठलं असेल, तर थेंबात कण धरतात. एवढंच.

पहिला थेंब माझ्या रक्ताचा. दुधासारखाच राहिला. मग बाईंनी ओळीनं नऊ थेंब मांडले. कोणता कोणाचा ते बोलल्या नाहीत. काच कलती केली. आम्ही सगळे वाकून बघत होतो. अंगणात शेळीच्या रवंथाचा आवाज तेवढा येत होता. पहिल्यात कण धरले. दुसऱ्यात. तिसरा तर पार फाटला, मध्ये पाणी आणि कडेला पांढरा चोथा.

"नासलं," म्हाळसाबाई म्हणाली.

दुधात सारा जन्म गेलेली बाई ती. तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाईंनी काच तिच्यापुढं सरकवली.

"यातले पाच शेळ्यांचे आहेत, अव्वा. चार बायकांचे. कोणते कोणाचे, सांगा."

म्हातारीनं काचेवर नाक टेकेपर्यंत वाकून पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, परत या टोकाला आली.

"वळखू यीना," ती म्हणाली.

मग ती सरळ झाली. कासांडीतल्या दुधाकडं तिनं पाहिलं, कोवळं, फेसाळ, अजून वाफ धरलेलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला.

"ह्यातनं गेलं व्हय?"

नागम्माबाई तिथं खोटं बोलू शकल्या असत्या. 'नक्की सांगता येत नाही' म्हणाल्या असत्या तरी ते खोटं ठरलं नसतं. शास्त्रात तेवढी जागा असतेच. मी त्यांच्याकडं बघत होतो. पण म्हातारीच्या हातात कासांडी होती आणि पाटावर अयोध्या बसली होती.

"होय, अव्वा. मला तसंच वाटतं."

"म्या पाजलं," म्हाळसाबाई म्हणाली. आणि तिनं बोटावर मोजायला सुरुवात केली. "बिरू. यल्लू. सखू. मायाप्पाचं धाकलं..." भर सकाळी, अंगणात बसून, संध्याकाळच्याच क्रमानं. हाक मारल्यासारखी नाही, नुसती नावं. काही नावं पहिल्या खेपेची होती, आईला पाजायला लागण्याच्या अगोदर गेलेली. पण तिनं तीही सोडली नाहीत. सत्तावीस नावं तिनं स्वतःच्या पदरात घेतली. रानाच्या बाजूला कुठंतरी एक करडू ओरडलं आणि अयोध्येनं दोन्ही हातांनी पोट झाकलं.

"अव्वा," नागम्माबाई म्हणाल्या, "तुम्ही मायेनंच पाजलंत."

"मायेनंच की," म्हातारी म्हणाली. "म्हून तर कुणी न्हाय म्हटलं न्हाय."

ती उठली. चुलीत जाळ होताच. तिनं कासांडी सरळ चुलीवर ठेवली.

"आत्या!" दोघीतिघी ओरडल्या. "सटवी रुसंल की!"

"रुसू द्या. माझं नाव सांगा तिला. आजपतुर रुसली न्हवती तवा काय दिलं मोठं?"

दूध वर आलं, उतू गेलं, जाळावर चर्र झालं. घरभर करपट वास पसरला. तिनं ते परत खाली बसू दिलं, परत वर येऊ दिलं. तीन उकळ्या. मग तिनं पळीनं भांड्यात ओतलं, फुंकर मारली आणि बाईंकडं पाहिलं.

"आता पाजू?"

"पाजा, अव्वा."

अयोध्येनं ते पाटावर बसूनच प्यायलं. पाच ऐतवार तसंच प्यायली. रीत मोडली नाही कोणी. फक्त मध्ये चूल आली.

अयोध्येचा स्वतःचा थेंब बाईंनी सगळ्यांत शेवटी, मला एकट्याला दाखवला. मध्ये दुधासारखाच होता. कडेला दोन-तीन कण.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे माहीत नाही. आधीचं असेल. आत्ताचं असेल. यावर औषध नाही, मास्तर. नवं पोटात जाऊ द्यायचं नाही आणि वाट बघायची."

जायच्या आधी बाईंनी वाडीला चार गोष्टी शिकवल्या. दूध उकळायचं. शेळीची वार उघड्या हातानं ओढायची नाही, राख लावून, फडकं गुंडाळून. मेलेलं करडू खोल पुरायचं, वर चुना घालायचा, आणि लेकरांच्या रानात नाही, दुसरीकडं. मी त्या चार ओळींचं पाठांतर करून घेतलं. म्हाताऱ्या बाया माझ्यापुढं मांडी घालून, माना हलवत, मुलांसारख्या म्हणत होत्या.

गाडी जुंपली तेव्हा बाई दिसेनात. पाहिलं तर त्या रानाच्या कडेला म्हाळसाबाईबरोबर उभ्या होत्या. काय बोलत होत्या ते मला ऐकू आलं नाही. बाई जमिनीकडं बघून दोन वाक्यं बोलल्या असतील. म्हातारीनं त्यांच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. बाई येऊन गाडीत बसल्या. अंगात कणकण आहे, म्हणाल्या. संध्याकाळी चढते, सकाळी उतरते.

सहावा महिना गेला. मी दर आठवड्याला वाडीत जात होतो आणि दर आठवड्याला एक कार्ड हैदराबादला टाकत होतो. सातवा गेला. आठव्यात अयोध्येला एके दिवशी कळा आल्या आणि थांबल्या. त्या दिवशी रानाच्या कडेला कोणी हाक दिली नाही. लेकरांनी हाक ऐकून भावाला सोबत नेऊ नये म्हणून, असं सिदूनं मला सांगितलं. शेळ्या आपल्या आपण आल्या.

चैत्रात, गुढ्या उतरल्यावर तिसऱ्या दिवशी, अयोध्येला मुलगा झाला. मी पोचलो तेव्हा तो रडत होता. इतकं रडणं की वाडीतली कुत्री बावरून गेली होती. आढ्याला पाळणा टांगायचा तर दोर कसा बांधायचा यावर तिघा म्हाताऱ्यांचं भांडण जुंपलं होतं, कारण कोणालाच नीट आठवत नव्हतं. नाव ठेवलं महारुद्र.

मी बाईंना लांब पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं ते चार ओळींचं. आनंद झाला. ताप जात नाही. बहुधा काचांवरचाच पाहुणा आहे, माझ्या ओळखीचा. वाडीवर लिहिलेला माझा निबंध परत आला; चौदा घरांवरून काही सिद्ध होत नाही, असं मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं, आणि ते चूक नाही. तुम्ही यादी जपून ठेवा.

नंतरची दोन वर्षं आमच्या मुलखात धामधुमीची गेली. टपाल नीट येत नव्हतं. मी लिहीत राहिलो. निजामी गेल्यावर माझं एक पाकीट मला परत मिळालं. वर कोणीतरी उर्दूत एक शब्द लिहिला होता, 'फौत', म्हणजे मयत. तो मला वाचता येत होता.

एकोणपन्नासच्या जूनमध्ये वाडीत शाळा भरली. बोरीखाली, घोंगडीवर. पटावर सात मुलं. महारुद्र तीन वर्षांचा, पटावर घ्यायच्या वयाचा नव्हता. पण आला होता, म्हणून मी त्याचंही नाव घेतलं. त्याला वाटलं, नाव घेतलं म्हणजे पळत यायचं. तो पळत आला आणि माझ्या मांडीवर येऊन आदळला. "हजर म्हण," मी म्हटलं. तो म्हणाला. सगळी मुलं हसली.

त्या दिवशी मी वाडीतच रेंगाळलो. तिन्हीसांज झाली. बाया पूर्वेच्या रानाकडं निघाल्या. म्हाळसाबाई आता काठी टेकत चालत होती. तिनं झाप उघडी धरली. हाका सुरू झाल्या, त्याच, त्याच क्रमानं. मला त्या पाठ होत्या. ओठातल्या ओठात मीही म्हणत गेलो. सत्तावीस झाल्या आणि मी जायला वळलो.

"गिरिजाऽऽ!" म्हाळसाबाईनं हाक दिली.

मी थांबलो. माझ्या यादीत हे नाव नव्हतं. वाडीत असं नाव कोणी ठेवत नाही.

"ही कोणाची, आजी?"

"बाईंची," म्हातारी म्हणाली. तिनं रानावरची नजर काढली नाही. "त्येंच्या सोळाव्या साली पोटातनं गेलेली. सांगून गेल्या मला. सव्वीसची झाली आता, लहान लेकरू न्हवं ते, हाकेसरशी पळत याया. आन् लांबनं यायचं तिला. म्हून शेवटाला बोलावती." मग म्हणाली, "आता तर दोगी असतील संगं."

शेळ्या सगळ्या आत आल्या होत्या. अंधार पडत चालला होता. म्हाळसाबाईनं झाप अजून लावली नव्हती.